कुलूपवाला कॉम्प्युटर नको

—नको म्हटलं ना सुधीर, तो नको. रंग चांगला आहे, बटणं चांगली आहेत, सगळं कबूल, पण समोर ते भोक कशाचं आहे? किल्लीचंच ना? मग उचल तो डबा इथून आणि दुसरा दाखव, बिनकुलपाचा. हसू नकोस. तुझ्या आईनं आणि मी गौलीगुड्यात एका नळावर पाणी भरलंय, तुला मी लंगोटात बघितलंय, म्हणून अख्खा आबिड्सचा बाजार सोडून तुझ्या दुकानाचा जिना चढून आले – आणि तू पण यांच्यासारखंच बोलायला लागलास, की मावशी, कुलूप म्हणजे सेफ्टी. कुणापासून सेफ्टी? घरात माणसं किती? तीन. हे, मी आणि अमृता. मग यातला चोर कोण, ते तरी सांग.

काम काय म्हणजे, घरातलं काम. अमृता बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला प्रोग्राम का काय ते शिकायचंय, आणि मला माझ्या शिकवणीच्या मुलांचे पेपर छापायचेत – हो, मी अजून गणिताच्या शिकवण्या घेते, आणि हा कॉम्प्युटर त्याच पैशांतून येतोय, तेव्हा निवडणार पण मीच. पेंटियम नको, तो मोठ्या लोकांना दे. फोर-एट-सिक्स बस्स झाला. मॉनिटर मात्र रंगीत पाहिजे. गाणी वाजवायची ती चकती नको, तिचे पैसे मेमरीत घाल – बघतोस काय, मी चौकशी करून आलेय. तीस हजारांच्या आत बसव. आणि कुलूप नको. हे चार वेळा सांगितलं, पाचव्यांदा सांगायला लावू नकोस.

हे? हे आलेत की. खाली स्कूटर लावतायत. अजून वर कसे आले नाहीत म्हणतोस? अरे, हँडलला कुलूप, मग चाकाला साखळी, साखळीला वेगळं कुलूप, मग दोन पावलं जाऊन परत येऊन ओढून बघायचं. तिथून पोस्टात जाणार. आरामात बसलेय मी, तू फिकर करू नकोस.

वाईट नाहीत रे. व्यसन नाही, हात उचलणं नाही, पगार झाला की पहिल्यांदा देवापुढे. पण सारा जन्म ट्रेझरीत गेला ना – सरकारच्या किल्ल्या सांभाळता सांभाळता घराची पण ट्रेझरी झाली. आमच्या तारनाक्याच्या घरी येऊन बघ. टीव्हीच्या पेटीला कुलूप. साखरेच्या डब्याच्या कपाटाला कुलूप. फोनच्या डायलला तर गेल्या वर्षापर्यंत एवढंसं कुलूप होतं, बाहुलीच्या घराला शोभेल असं. आलेला फोन घ्यायचा, आपण करायचा नाही. आणि सगळ्या किल्ल्या कुठे, तर जानव्याला. आंघोळीला गेले तरी त्या बरोबर, ऑफिसला गेले तरी बरोबर. आता अमृताला संध्याकाळच्या कॉम्प्युटर क्लासला पाठवणार नाहीत – बसनं यायला उशीर होतो, लोक काय म्हणतील. घरात घ्या म्हटलं, तर महिनाभर विचार करून कबूल झाले, पण ऑफिसात कुणीतरी सांगितलं की कॉम्प्युटरला कुलूप असतं. झालं. चेहरा कसा खुलला म्हणून सांगू. म्हणे कुलूपवालाच घ्यायचा, मी आलो की उघडीन, माझ्या डोळ्यांसमोर शिकू दे. पोरगी कॉलेजातून एक वाजता घरी येते, हे येतात साडेसहाला. मग दुपारभर ते यंत्र झाकून ठेवून मी त्याची काय हळदकुंकू वाहून पूजा करू?

ते कुलूप करतं तरी काय नेमकं? – असं होय. म्हणजे दिवा लागणार, पडदा दिसणार, फक्त बटण दाबलं तर अक्षर उमटणार नाही. वा. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे? त्याची बायको भेटली असती तर दोन शब्द बोलले असते मी तिच्याशी.

नाही, पाणी नको. चहा पण नको. बस तू. तुला सांगणार नव्हते, पण तू सेफ्टी सेफ्टी करतोस म्हणून सांगते. गेल्या वर्षी, सुटीचा दिवस, हे बनियनवर पेपर वाचत बसलेले. एकदम घामाघूम. छातीत कळ. खुर्चीतून खाली घसरले. मी धावले फोनकडे – कुलूप. किल्ली कुठे, जानव्याला. आणि दुखण्यानं यांनी मूठ आवळलेली, मुठीत जानवं, जानव्याला किल्ल्या, आणि ती मूठ काही केल्या सुटेना. मी बोटं ओढतेय, रडतेय, सोडा हो, सोडा म्हणतेय, आणि हे जास्तच घट्ट धरतायत. तेवढ्यात अमृता पुढे झाली. रिसीव्हर उचलला, आणि तो ठेवायची जी दांडी असते ना, ती बोटानं ठोकायला लागली. टक टक टक. थांबली. परत टक टक. जेवढा आकडा तेवढ्यांदा ठोकायचं, म्हणे. मला वाटलं पोरीला वेड लागलं. आणि लागला फोन, डॉक्टरांना लागला. दहा मिनिटं उशीर झाला असता तर मी आज तुझ्यासमोर पांढऱ्या कपाळानं बसले असते, हे डॉक्टरांनीच सांगितलं.

हे दवाखान्यातून घरी आले. उशीला टेकून बसवलं, तांदळाची पेज दिली. आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? फोनला कुलूप होतं, मग लागला कसा? ही बिचारी कौतुकानं सांगायला बसली, दांडी अशी ठोकली, बाबा, मोजून ठोकायची. ऐकून घेतलं सगळं. आणि म्हणाले, म्हणजे आजवर कुणाकुणाला केलेस असे फोन?

हौ. असंच विचारलं. तिला कुणी शिकवलं, तर कुणी नाही, स्वतः विचार करून काढलं होतं तिनं. अशा डोक्याला काय बक्षीस, तर तो फोन उचलून कपाटात गेला. तेव्हापासून ती बापाशी हो आणि नाही, एवढंच बोलते. क्लासचा हट्ट सोडला. परवा म्हणाली, आई, कॉम्प्युटर पण नको, खामखा पैसे जातील. एकोणीस वर्षांची मुलगी आणि नको म्हणायला लागली, कळतंय का तुला? ते मी चालू देणार नाही. त्यांना काय वाटायचं ते वाटो.

तेव्हा काढ बिनकुलपाचा. – नाहीत? एकही? या भावात सगळ्यांना कुलूपच? मग राहू दे, मी उठते. सिकंदराबादेला जाईन, हैदराबादेत काय तुझं एकट्याचं दुकान नाही.

काय? परत बोल. उघड बघू. स्क्रू काढ, मला दिसू दे. – ही? एवढीशी दोन पदरी वायर? ही ओढून काढली तर कुलूप मेलं? आणि बाकीचं सगळं चालतं? बटणं, अक्षरं, सगळं? आणि किल्ली फिरते का तरी? फिरते म्हणतोस. बाहेरून काही कळत नाही.

काढ. काढ म्हणते ना. काका ओरडतील ते काका आणि मी बघून घेऊ, तुझ्या दुकानावर काही येत नाही. आणि हे बटणाला बोट लावून बघणाऱ्यातले नाहीत, शॉक बसेल म्हणून आत्तापासूनच लांब उभं राहायचं ठरवलंय. किल्ली फिरवतील, एकदा ओढून बघतील, आणि निवांत ऑफिसला जातील. दुपारी माझी पोरगी बसेल. कळलं कधी, तर कळू दे. त्या दिवशी मीच सांगीन, तुमचा जीव वाचला तो पण किल्लीवाचूनच वाचला.

लाव झाकण. ते स्क्रू नीट पिळ. जिन्यात पावलं वाजतायत – हेच, मला चाल कळते. चल, बिल कर.

—या, बसा, घाम पुसा आधी. हो, झालं पसंत. हा बघा, कुलूपवालाच घेतला, तुम्ही म्हणालात तसाच. सुधीर, किल्ल्या यांच्याकडे दे. दोन्ही दे. मला काय करायच्यात.