पांढऱ्या टायरच्या पलीकडं

लाकूडच — तू लिही ना कागदावर, लाकूड फोडताना लागलं — चार दिवसांत दोनदा विचारलंस, सिस्टर, आणि दोन्ही वेळा मी लाकूडच सांगितलं, मग आता त्या भिंगातून एवढं काय बघतेयस? आई गं — हळू — काही नाही, दुखत नाही, म्हातारा पाय आहे, दुखायचं विसरलाय तो. तू आपलं ते पत्र लिही. शहरातल्या, अॅलिसच्या मोठ्या दवाखान्याला — वाल्डाचा पाय चिघळलाय, आजच्या आज पाठवतेय — बस, दोन ओळी. दुपारी टपालाचं विमान येईल, त्यात मागं एक जागा असते, गोण्यांच्या शेजारी, मी मावते तिथं. चिघळलेला नाही? मलाही दिसतंय की नाही चिघळलेला. पण साखर आहे ना मला? साखरवाल्यांचे पाय कापायला लागतात, तूच दर खेपेला ओरडतेस, भिंतीवर ती घाणेरडी चित्रं लावलीयेस — मग आज मी ऐकतेय तुझं तर तूच — काय? काय निघालं? दाखव. नको, नको दाखवू. काळा आहे ना? काचेसारखा? बशीत नको ठेवूस गं! कापसात गुंडाळ. आणि फेकायचा नाही. बादलीत तर मुळीच नाही — तो दगड इथला नाही, त्याला परत जायचंय.

मी थरथरत नाहीये, तुझा पंखा जोरात आहे. बंद कर — नाही, असू दे, आवाज होतोय ते बरंय. दार लावलंयस? बाहेर बाकावर कोण आहे? कुणी नाही ना? बरं. मग ऐक, लाकूड नव्हतं. आमच्या वाळूत असला दगड सापडत नाही, तो एकाच ठिकाणी असतो, आणि तिथं बाईनं जायचं नसतं. कुठल्याच बाईनं. माझी आई गेली नाही, तिची आई गेली नाही. काय आहे तिथं असं मला विचारू नकोस, मला माहीत नाही — आणि माहीत नसणं हेच माझं काम आहे त्या जागेपुरतं. तू नवीन आहेस, तुला वाटेल म्हातारीचं डोकं फिरलंय. वाटू दे. पण पत्र लिही.

तो रोवन तुला माहितीये — मेलबर्नचा, उंच, नाकाला सतत पांढरं मलम फासलेला — तो दर वर्षी चित्रं काढायला माणसं घेऊन येतो. दहा दिवस नदीच्या कोरड्या पात्रात तंबू टाकायचे, सकाळी त्यांनी आपलं आपलं काढायचं, दुपारनंतर आम्ही बायका आणि ते असे एकत्र मांडी घालून कॅनव्हासवर बसायचं. मजा असते गं. मी राखेतली भाकरी करते, माझी चुलतबहीण मेझी कांगारूची शेपटी भाजते, ते खातात आणि तोंडं वाकडी करून ‘वा वा’ म्हणतात. या खेपेला सातजण होते. पहिल्या दिवशी माझा थोरला भाऊ क्लिफर्ड आला — तू बघितलायस त्याला, कमी बोलतो — ती जागा त्याच्याकडं आहे, मालक म्हणून नाही, राखणदार म्हणून. आला, टोपी काढून हातात धरली, आणि म्हणाला, ‘ही सगळी जमीन बघा, काढा, आनंद करा. फक्त ती डोंगरातली फट — तिकडं जायचं नाही आणि ती काढायची नाही. तिकडं पांढरा रंग दिलेला टायर पुरलाय, त्याच्या अलीकडं राहायचं.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी तो आणि बाकीचे पुरुष मयतीला गेले, दोनशे मैलांवर, शोक पुरा झाल्याशिवाय परत यायचं नसतं. गावात राहिलो आम्ही बायका, पोरं आणि रोवन नि त्याची माणसं.

त्या सातजणांत ग्लेनिस म्हणून एक बाई होती — तीच, तिलाच विमानानं नेलं. अॅडलेडची, सत्तरीला आलेली, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं, नवरा वारल्यावर पहिल्यांदा ब्रश धरला म्हणाली. वाईट बाई नाही हं. माझा चष्मा फुटलाय बघून स्वतःचा जास्तीचा काढून दिला तिनं — हा बघ, हाच. शेजारी बसायची आणि माझ्या ठिपक्यांकडं बघत विचारायची, ‘वाल्डा, चुकलं तर काय करतेस?’ मी म्हणायची, ‘दुसरा ठिपका देते.’ हसायची. तर तिचं एक चित्र हरवलं — वावटळ आली दुपारी, कॅनव्हास उडाला — आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी उठायच्या आत ती एक बाटली पाणी घेऊन शोधायला निघाली. एक बाटली! ऑक्टोबर महिना, नऊ वाजता चटके बसतात. आम्ही चहा ठेवला तेव्हा तिचा तंबू रिकामा. रोवनचं तोंड त्या मलमापेक्षा पांढरं पडलं. ‘फोनला रेंज शोधायला रस्त्याकडं गेली असेल,’ म्हणत टोयोटा काढली आणि उत्तरेला सुटला. मी काही बोलले नाही. मला तिच्या बुटांचे ठसे दिसत होते — तळव्याला चांदणीची नक्षी — ते सरळ दक्षिणेला, फटीकडं जात होते.

का नाही बोलले? तूही मेझीसारखंच विचारतेस. मेझी म्हणाली, ‘अगं, त्याला थांबव!’ मी म्हटलं, थांबवून काय सांगू? तो गाडी घेऊन थेट आत शिरेल, परका पुरुष, विचारल्याशिवाय, ते बरं होईल? मेझी म्हणाली, ‘क्लिफर्डला फोन लाव.’ लावला. तिकडं फोन वाजतच नाही, मयतीच्या तळावर कुठला फोन. मग मी डोक्याला फडकं बांधलं, पाण्याचा डबा घेतला, म्हटलं, ‘मेझी, टायरपर्यंत जाते, तिथून हाक मारते.’ खरंच तेवढंच मनात होतं. तुला शपथेवर सांगते, तेवढंच.

टायरपाशी पोचले तेव्हा सूर्य असा डोक्याच्या थोडा इकडं. चांदणीचे ठसे टायरला वळसा घालून पलीकडं गेलेले. तिला दिसला नसेल का टायर? दिसला असेल. तिनं वळसा घातला होता ना. मी हाक मारली — ग्लेनिस! — काही नाही. परत मारली. सिस्टर, तिथं माशासुद्धा नव्हत्या. आपल्याकडं माशा नाहीत अशी जागा बघितलीस कधी? म्हटलं, झालं, मी हाक मारली, आता परत जाते. वळलेसुद्धा. दहा-बारा पावलं परत आले असेन — आणि मागून आवाज. टक टक. थांबून परत टक टक. दगडावर बाटली आपटत होती ती. रिकाम्या बाटलीचा आवाज वेगळा असतो, कळतो लगेच.

मी खाली बसले. किती वेळ, माहीत नाही. ते टक टक लांब लांब पडायला लागलं. मध्ये एवढी गॅप, मग एक, मग परत गॅप. मी कान झाकले तरी ऐकू येत होतं. मग मी उठले आणि मोठ्यांदा, आमच्या भाषेत, सांगितलं — मी वाल्डा, अमक्याची लेक, क्लिफर्डची बहीण — आईचं नाव घेतलं नाही, गेलेल्यांचं नाव घेत नाही आम्ही — मी काही बघायला येत नाहीये, एका म्हातारीला न्यायला येतेय, मला आंधळी समजा. आणि फडकं असं दोन्ही बाजूंनी डोळ्यांवर ओढून घेतलं, घोड्याला झापडं लावतात तसं, आणि मान खाली. फक्त चांदण्या बघत गेले. एक चांदणी, दुसरी, तिसरी. दोन्ही बाजूंना काहीतरी उंच होतं, सावली पडत होती अंगावर, पण मी बघितलं नाही. एक सपात मध्येच तुटून राहिली, तिच्यासाठी वाकायचंही धैर्य झालं नाही — तेव्हा कापला हा पाय. कुणीतरी मागं चालतंय असं वाटत होतं. माझ्याच पावलांचा आवाज असेल. असेल ना? नुसती बघतेस काय, असेल म्हण की.

ती कपारीला टेकून पडली होती, घोटा सुजून एवढा झालेला, ओठ फुटलेले, आणि घाम नाही — अंगावर घामाचा थेंब नाही, तेव्हाच मी घाबरले. पाणी पाजलं, थोडं थोडं, तू शिकवतेस तसं. तिनं डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं माहितीये? ‘वाल्डा, चित्र सापडलं?’ मी डोक्याचं फडकं सोडलं आणि तिचे डोळे बांधले. म्हणाली, ‘हे कशाला?’ म्हटलं, ‘ऊन लागू नये म्हणून. चल आता.’ एक म्हातारी डोळे बांधलेली, दुसरी मान खाली घातलेली, एकमेकींच्या गळ्यात हात — अशा बाहेर आलो, फरफटत. टायरच्या अलीकडं आल्यावर मी गवत पेटवलं, धूर बघून रोवन आला, आणि पुढचं तुला माहितीये, सलाईन तूच लावलंस. डॉक्टर म्हणाले ना फोनवर, मूत्रपिंडं वाचली? घरी जाईल म्हणाले ना?

आणि तो रोवन! माझ्या गळ्यात पडून रडला, मग सगळ्यांसमोर ओरडून म्हणतो, ‘वाल्डा एकटी आत गेली, वाघीण आहे, हिचा फोटो छापायला पाहिजे!’ मी मेझीकडं बघितलं. मेझी खाली बघत होती. तेव्हापासून ती माझ्या चुलीवर आली नाही. कुणीच येत नाही. पण लोकांच्या बोलण्याचं सोड — ठशांचं काय करू? इथं माणूस चेहऱ्याच्या आधी पावलानं ओळखतात. हा माझा डावा अंगठा बघ, लहानपणी घोड्यानं तुडवलेला, असा बाहेर वळलेला — असला ठसा या मुलखात दुसऱ्या कुणाचा नाही, आणि नेमका तोच पाय अनवाणी. क्लिफर्ड परत आला की पहिल्यांदा तिकडंच जाणार, जातोच. आणि शिक्षा मला नाही होणार, हे तुला कळतंय का? जागा त्याच्याकडं होती. दुसरे म्हातारे त्याला विचारतील — तू राखणदार, आणि तुझीच बहीण? बोलणार नाही तो. सगळं स्वतःवर घेईल, तसलाच आहे. रोज सकाळी उठून मी झाडांकडं बघते — म्हटलं वारा सुटेल, थोडी वाळू हलेल, ठसे बुजतील — पण नाही. रोवनचा तळ पडल्यापासून एक पान हललेलं नाही, गेले दहा दिवस धूर सरळ वर जातोय —

काय?

वावटळ — हो, म्हटलं मी. वावटळ आली म्हटलं. वाऱ्याशिवाय पण येते कधी कधी वावटळ. येते गं. छोटी.

नव्हती आली.

असं नको बघूस. तिनं ती फट काढली होती. सांगूनसुद्धा. लांबूनच काढलेली, सकाळची, सगळी जांभळी सावली — चांगलं होतं चित्र, वाईट वाटेल इतकं चांगलं. धावत आली मला दाखवायला, ‘वाल्डा, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जमलं!’ तेव्हा सांगायला पाहिजे होतं मी, की बाई, हे काढायचं नव्हतं. पण तोंडातून निघालं, ‘छान आहे.’ आम्हाला ना, गोऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणता येत नाही, शाळेत, मळ्यावर, सगळीकडं ‘हो’ म्हणायचीच सवय लागलेली. दुपारी सगळे झोपल्यावर मी ते उचललं आणि चुलीत घातलं. काळा धूर, प्लॅस्टिकसारखा वास, मला खोकला लागला. ती उठून शोधायला लागली तेव्हा म्हटलं, वावटळ आली होती. ‘कुठल्या बाजूला गेलं?’ — आणि मी हे असं केलं. हे. आम्ही बोट नाही दाखवत, ओठ पुढं काढतो फक्त. कुठलीतरी दिशा दाखवायची होती, उत्तर, पूर्व, काहीही — पण डोक्यात सकाळपासून तीच एक जागा होती ना, ओठ तिकडंच वळले. मी पाठवलं तिला, सिस्टर. कळतंय? टायरला वळसा तिनं घातला, पण पाठवलं मी.

हे कुणाला माहीत नाही. मेझीला नाही. आता तुला माहीत झालं, आणि मला ते नको होतं, मला फक्त पत्र पाहिजे होतं, क्लिफर्ड यायच्या आत निघून जायला. झालं का लिहून? दे. आण इकडं — गाडी? कसली गाडी? नाही, टपालाचं विमान दुपारी येतं, ही तर — ती क्लिफर्डची आहे. त्या इंजिनाचा आवाज मला झोपेतही कळतो. शोक संपला वाटतं. पण गाडी दक्षिणेकडनं आली, म्हंजे तिकडं जाऊन आला तो. आधी तिकडं गेला.

थांब, खिडकी नको उघडूस. झाडाखाली बसला? पाठ करून बसला ना, भिंतीकडं? बहिणीशी समोरासमोर बोलत नाही तो, तसंच बसतो. तू दारात गेलीस तेव्हा काय म्हणाला तुला? परत सांग. ‘ती गोरी बाई जगली का?’ — एवढंच? माझं नाही विचारलं? पायाचं, ठशाचं, काही नाही?

नको, तू नको उत्तर देऊस. मी देते. ते पत्र फाड. फाड म्हणते ना. पट्टी राहू दे अर्धी, मला उभं कर आधी. तो दगडाचा कापूस दे माझ्या हातात. हे आमचं बोलणं आहे, पोरी, तू यात नसायचं. तू मागच्या दारानं जा — आणि मी बोलवेपर्यंत इकडं यायचं नाही. जा.

दादा —