उलटं पान

टीग : नाही, नाही, पुसू नका! बाई, तो फडका आधी खाली ठेवा.

व्हर्डी : धूळ आहे हो. पाहुण्यापुढे वस्तू अशी धुळीसकट कशी ठेवायची?

टीग : तीच तर हवीय मला. पुसलेला, चकचकीत बँजो पाहिला की मला शंकाच येते. कुणी काय काय खरवडून काढलं असेल, देव जाणे.

लोंझो : ताई, ठेव तो फडका. जुने बाजे विकत घेणाऱ्या नॅशव्हिलकरांना मळकंच आवडतं. माझी विजारही दाखव त्यांना, तीही घेऊन जातील.

व्हर्डी : लोंझो! टीगसाहेब, हा माझा धाकटा भाऊ. पूर आल्यापासून स्वतःच्या ट्रकमध्ये झोपतो आणि माझ्या या ट्रेलरमध्ये जेवतो. तोंड मात्र दोन्हीकडे सारखंच चालतं.

टीग : पुरातून हा बँजो वाचला कसा? ओढा तर केवढा खाली दिसतोय.

लोंझो : आता दिसतोय खाली. त्या दिवशी तो आमच्या चुलीपाशी आला होता शेकायला. घर उचललं नि पुलाला नेऊन टेकवलं.

व्हर्डी : माळा तेवढा कोरडा राहिला. हॉबर्ट गेल्यावर मी हा माळ्यावरच टांगून ठेवला होता. हॉबर्ट म्हणजे माझा नवरा. खुर्च्या करायचा. तुम्ही बसलाय ती त्याचीच. काठच्या झाडाच्या फांद्यांत अडकलेली सापडली, दोनदा धुतली तेव्हा चिखल सुटला.

टीग : खुर्ची दणकट आहे. पाठीला एक पट्टी जरा टोचते, एवढंच.

लोंझो : टोचते म्हणूनच आमच्याकडचे पाहुणे वेळेवर घरी जातात.

व्हर्डी : उशी देऊ का?

टीग : नको, नको. बाई, तुम्हाला कल्पना आहे का, तुमच्या मांडीवर काय आहे? हा दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा. त्या काळी कारखान्यातून निघायचे ते बहुतेक चार तारांचे. आपल्या डोंगरातल्या वाजवण्याला लागतात तसे पाच तारांचे अगदी मोजके. मग लोकांनी काय करावं? चार तारांचा घ्यायचा, खालचा डफ ठेवायचा, वरची दांडी काढून टाकायची आणि एखाद्या सुताराकडून पाच तारांची दांडी करून घ्यायची. तसले मला वर्षभर मिळतात. पण डफ कारखान्याचा आणि पाच तारांची दांडीही कारखान्याचीच, असा? उभ्या आयुष्यात हा दुसरा.

व्हर्डी : त्या दांडीचंच मला तुम्हाला सांगायचं—

लोंझो : ताई, कॉफी! कॉफी उतू चालली.

व्हर्डी : ठेवलीच नाही तर उतू कशी जाईल?

लोंझो : मग ठेव. माणूस पहाटेपासून गाडी हाकत आलाय.

व्हर्डी : ठेवते हो. सुक्या सफरचंदांचा केकही आहे, टीगसाहेब. आज बुधवार, सूर्य मावळेपर्यंत मी काही घेत नाही. तुम्ही मात्र संकोच करू नका.

लोंझो : करू नका. तिच्या उपासाचं सगळं मीच खातो, तरी पुण्य तिलाच लागतं.

टीग : आधी वाजवून पाहू का?

व्हर्डी : पाहा ना. त्यासाठीच तर तो आहे.

(टीग एक जुनं, घाईचं नाचाचं गाणं वाजवतो.)

लोंझो : च्यायला.

व्हर्डी : लोंझो.

लोंझो : बरं, नाही म्हणत. पण अगदी असाच वाजवायचा हॉबर्ट. पाय आपटायचा तोही डावाच.

टीग : ऐकलंत? डफाच्या आतल्या काशाच्या कडीचा आवाज आहे हा. चर्चची घंटा कुणी पिंपात कोंडावी तसा. बाई, मी फोनवर एक आकडा सांगितला होता. तो मी मागे घेतो. त्याच्यावर आणखी चढवतो. फक्त एकदा भिंगाखालून पाहू द्या. गाडीत आहे, आणतो.

लोंझो : आणा, आणा. सावकाश. त्या उतारावर पाय घसरतो.

व्हर्डी : गेले का?

लोंझो : गेले. आता माझं ऐक, ताई. एक शब्द बोलू नकोस.

व्हर्डी : ते त्या दांडीला कारखान्याची समजतायत.

लोंझो : समजू दे की! आपण सांगितलं का त्यांना तसं? ते शिकलेले, भिंगवाले. त्यांचं त्यांनी पाहावं.

व्हर्डी : ती दांडी हॉबर्टची आहे. मेपलचं लाकूड तूच तोडून आणलंस. कंदील तूच धरलास.

लोंझो : धरला. हात भाजला तेव्हा शिव्याही मीच घातल्या. आणि जुनी चार तारांची दांडी कुठं होती ठाऊक आहे ना? मी खुराड्याच्या दाराला अडसर म्हणून लावली होती. गेली कोंबड्यांबरोबर वाहून. साक्षीला कुणी उरलेलं नाही.

व्हर्डी : मी आहे की.

लोंझो : अगं, मी खोटं बोल म्हणत नाही. गप्प बस म्हणतोय. निम्मा दिवस तर तू गप्पच असतेस. तेवढंच अजून थोडं.

व्हर्डी : मी गप्प बसते ते देवाचं ऐकण्यासाठी. लपवण्यासाठी नाही.

लोंझो : वर टेकडीवर खांब रोवून ठेवलेत, ते दिसतात ना इथून? चर्चची माणसं शनिवारी घर उभारायला येणार. लाकडाला पैसे आहेत आपल्याकडे? थंडी तोंडावर आली. आणि तुझी ती खोली? पूर्वेच्या खिडकीची? सगळा जन्म तू कोठीत, बटाट्याच्या पोत्यांमध्ये गुडघे टेकून प्रार्थना केलीस. एक खोली देवासाठी असावी, एवढंच मागत आलीस तू. त्या माणसाने चढवलेल्या आकड्यात ती खोली बसते, ताई. वर ओसरीपण.

व्हर्डी : ठाऊक आहे मला.

लोंझो : मग?

व्हर्डी : मग काही नाही. आले बघ ते.

टीग : हा काय उतार आहे तुमचा! माणूस चढतो का वितळतो? द्या इकडे, बाई. हां. आता या, मी तुम्हाला गंमत दाखवतो. लोंझोभाऊ, तुम्हीही या.

लोंझो : मला इथूनही दिसतं.

टीग : दांडीवर ही शिंपल्याची पानं जडवलीत, पाहा. सगळी टोकं वरच्या बाजूला. आणि हे एक, सुराच्या दहाव्या पडद्याजवळचं? टोक खाली. उलटं बसलंय.

व्हर्डी : हो.

टीग : बघताक्षणी मी म्हटलं, सापडलं! कारखान्यात कुणीतरी सुटीच्या आदल्या दिवशी घाईत लावलं असणार. हीच माझी खात्री. कारण नक्कल करणारा माणूस चूक करत नाही. तो खऱ्याहून नीट करतो, तिथंच पकडला जातो. अशी चूक अस्सल मालातच सापडते.

लोंझो : काय नजर आहे! ताई, केक काप.

व्हर्डी : ती चूक नाही, टीगसाहेब.

लोंझो : झालं.

व्हर्डी : ते पान हॉबर्टने उलटं लावलं. मुद्दाम. ही दांडी त्याने केलीय. चार तारांचाच होता हा बाजा, त्याने पाच तारांचा केला.

टीग : शक्य नाही.

व्हर्डी : कारखान्याच्या नावाची पट्टी तेवढी जुन्या दांडीवरची काढून वर बसवली. डफ त्यांचा, म्हणून नाव त्यांचं राहू दे, म्हणाला. स्वतःचं कुठं घातलं नाही.

टीग : बाई, तीस-पस्तीस वर्षं मी हेच करतोय. हा दांडीच्या गळ्याचा वळसा, हे लाखकाम... खुर्च्या करणाऱ्या माणसाचं हे काम नाही.

व्हर्डी : तुम्हाला पाठीला काय टोचतंय?

टीग : अं? एक पट्टी आहे. का?

व्हर्डी : मागे हात घालून बघा. बाकीच्या पट्ट्यांना पाठीसारखा बाक आहे. ती एकच उलट्या बाकाची. हॉबर्टच्या प्रत्येक खुर्चीत एक अशी असते. तो म्हणायचा, सगळं बिनचूक करणारा वर एक बसलाय, आपण त्याची बरोबरी करायची नाही. म्हणून प्रत्येक वस्तूत एक गोष्ट मुद्दाम चुकवायचा.

लोंझो : आमच्या खाटेचा एक पाय आखूड. रात्रभर मी नावेत असल्यासारखा झोपायचो.

टीग : ...ही तिसरी पट्टी.

व्हर्डी : तिसरीच. ती पलीकडची खुर्चीही पाहा हवं तर.

टीग : बाई, कारखान्यातल्या एका माणसालाही असं साधलेलं नाही. तुम्हाला कळतंय ना, तुम्ही काय सांगितलंत? आकडा चौथ्या हिश्शावर आला. डफ अस्सल आहे, त्याचे मी देईन. पण चौथा हिस्सा.

लोंझो : मघाशी तुमचा आकडा ऐकून माझी दाढ दुखायची थांबली होती. परत सुरू झाली.

टीग : एक बोलू का? मी भिंग आणायला गेलो होतो. समजा, अजून आलोच नाही. काही ऐकलंच नाही. ज्याला मी विकेन त्यालाही कळणार नाही. कुणालाच कळणार नाही. मलाच कळलं नाही, तर कुणाला कळेल?

लोंझो : ताई, साहेब किती चांगलं बोलतात बघ.

व्हर्डी : टीगसाहेब, तुमचे कान चांगले आहेत. त्यांच्यावरच तुमचं पोट आहे. त्यांना खोटं पाडू नका.

टीग : मी तुमच्याच भल्याचं म्हणत होतो.

व्हर्डी : ते दिसतंय मला. राग नाही माझा. पण एक सांगा. हॉबर्टची कार्यशाळा वाहून गेली. हत्यारं गेली. खुर्च्या साऱ्या मुलखात आहेत, लोक बसतात नि उठून जातात, कुणी केली ते विचारत नाहीत. आणि ही एक गोष्ट अशी झाली, की तुमच्यासारखा जाणकारही फसला. त्याच्या हाताला याहून मोठी शाबासकी कुणी दिली नसती. ती मी कारखान्याच्या नावावर करून देऊ?

लोंझो : दाढ दुखते म्हणून डोळ्यांत पाणी येतंय. बाकी काही नाही.

टीग : चौथ्या हिश्शाहून थोडं वर जाईन. असल्या दांडीला वेगळा भाव लावावा लागेल. तो अजून कुणी ठरवलेलाच नाही.

व्हर्डी : तुम्हाला परवडेल तेवढंच लावा. माझी एक अट आहे.

टीग : बोला.

व्हर्डी : जो कुणी हा घेईल, त्याला दांडी कुणाची ते सांगायचं. चिठ्ठीबिठ्ठी नको, चिठ्ठ्या वाहून जातात. तोंडानं सांगायचं. आणि त्याने पुढच्याला.

टीग : सांगेन.

व्हर्डी : म्हणा तर माझ्यामागून. दांडी हॉबर्ट स्टिडमची.

टीग : आत्ता?

लोंझो : म्हणा, म्हणा. आमच्या चर्चमध्ये वाजवायला काही नसतं नि हातात पुस्तकही नसतं. एकाने ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती धरायची. शंभर-शंभर कडवी अशीच चालत आलीत. म्हटल्याशिवाय ती तुम्हाला केकही द्यायची नाही.

टीग : दांडी हॉबर्ट स्टिडमची.

व्हर्डी : लाकूड लोंझोने तोडलं.

लोंझो : ए, मला कशाला!

टीग : लाकूड लोंझोने तोडलं.

व्हर्डी : पान मुद्दाम उलटं.

टीग : पान मुद्दाम उलटं.

व्हर्डी : झालं. आता विसरायचे नाहीत तुम्ही. पेटी उघडा, मी ठेवते आत. थांबा, आधी पुसू का?

टीग : पुसा, बाई. तुमच्या हातानं पुसा.

व्हर्डी : हं. न्या. उतारावर जपून जा. आणि ही खुर्चीही घेऊन जा. कुणाला पटलं नाही, तर त्याला तिच्यावर बसवा.

लोंझो : ट्रकच्या मागे दोर आहे, मी बांधून देतो. चला, नॅशव्हिलकर. आमच्याकडे येऊन कमी पैसे देऊन आणि जास्त सामान घेऊन जाणारे तुम्ही पहिलेच.

व्हर्डी : वळली का त्यांची गाडी?

लोंझो : वळली. पुलाच्या पलीकडे गेली. खुर्ची टपावर आहे, पाय वर करून. मेलेल्या हरणासारखी दिसते.

व्हर्डी : जेवून घे. बीन्स निवाल्या असतील.

लोंझो : ताई, मी मनात हिशेब केला. भिंती होतील, छप्पर होईल, चूल होईल. माझी झोपायची जागा होईल.

व्हर्डी : झालं तर मग.

लोंझो : पूर्वेची खोली होत नाही.

व्हर्डी : त्या बाजूचे खांब उपटून ठेव. पुढेमागे कुंपणाला लागतील.

लोंझो : एवढंच? वाईट वाटत नाही तुला?

व्हर्डी : वाटतं रे. पण हॉबर्ट असता, तर या घरातही एक काहीतरी त्याने चुकवलंच असतं ना?

लोंझो : असतं. दार नाहीतर खिडकी.

व्हर्डी : मग ती खोलीच चुकवली असं धर.