मालक ‘सेड’, लिफ्टमन ‘क्लेम्ड’

...आणि वर मलाच विचारतात, "एका क्रियापदाने असं काय आभाळ कोसळतं हो?" आभाळाचं मला माहीत नाही. तुम्हाला सांगतो, लिफ्ट कोसळली होती.

इंग्रजी पेपरात एकतीस वर्षं उपसंपादक होतो मी. दुसऱ्यांच्या बातम्या लाल पेनाने दुरुस्त करायच्या, हा धंदा. आमचे मुख्य उपसंपादक, सगळे त्यांना फूटपट्टी म्हणायचे, पहिल्याच दिवशी म्हणाले, "हे बघ, मंत्री, डॉक्टर, पोलीस, मालक बोलले तर ‘सेड’. म्हणजे म्हणाले, विषय संपला. बाकीचे बोलले तर ‘क्लेम्ड’. म्हणजे त्यांचा आपला दावा, खरं-खोटं देव जाणे." मग काय, हात बसला माझा. जिचं छप्पर उडालं ती बाई ‘छप्पर होतं’ असा दावा करायची, आणि जे साहेब तिकडे फिरकलेच नाहीत ते, छप्पर नव्हतंच, असं ‘म्हणायचे’. मला काही वाटायचं का? छे. सवयीने हो, निव्वळ सवयीने.

आणि एक दिवस दुपारी बातमी आली... पाच मजली इमारतीतली लिफ्ट कोसळली, दोघं जखमी. मालक म्हणतो, दोर ठणठणीत होता. लिफ्टमन म्हणतो, दोर झिजला होता, मी तीनदा लेखी कळवलं. बातमीदाराने बिचाऱ्याने दोघांनाही ‘सेड’ लिहिलेलं. मी चहा पीत पीत लिफ्टमनचं ‘सेड’ खोडलं, ‘क्लेम्ड’ केलं, कागद पुढे सरकवला. नाव? नाव वाचलंच नाही मी. ‘लिफ्टमन’ एवढंच वाचलं. ते माझे दाजी होते हो, माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा. सवयीने...

चौकशीत मालकाच्या वकिलाने तेच कात्रण नाचवलं, "बघा, पेपरवालेसुद्धा याला नुसता दावाच म्हणतात." दाजींची ती पत्रं काही सापडली नाहीत, नोकरी गेली, आणि गल्लीतले लोक विचारायला लागले, "काय हो, खरंच कळवलं होतं का?" चाळीस वर्षं! ताईने नुसतं "जेवलात का?" विचारलं तरी दाजी म्हणायचे, "तसा माझा दावा आहे." सगळे हसायचे. मीही हसायचो. तो शब्द कुणी घातला, हे मी घरात सांगितलंच नव्हतं ना.

गेल्या महिन्यात दाजींनी अंथरूण धरलं. मला म्हणाले, "तुझ्या पेपरात एकदा छापून येईल का रे, की मी म्हणालो होतो? बस, एवढंच." मग मात्र राहवलं नाही, सगळं कबूल केलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले, ते पडलेच. दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑफिस गाठलं. संपादकाच्या खुर्चीत माझ्या मुलीच्या वयाची बाई. सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले. "काका, उद्याच छापते."

छापलं हो, शब्दाला जागली. आतल्या पानावर, चार ओळी. मी दाजींच्या उशाशी बसून मराठी करत मोठ्याने वाचायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत जीभ अडखळली. ‘लिफ्टमनने दोराबद्दल खरोखरच कळवलं होतं, असा दावा एका निवृत्त उपसंपादकाने केला आहे.’ तिथल्या कुणीतरी ‘सेड’चं ‘क्लेम्ड’ केलं असणार... सवयीने हो, निव्वळ सवयीने.

दाजी दोन दिवसांनी माझ्याकडे वळले. म्हणाले, "ये, जवळ सरकून बस. आता तूही लिफ्टमन."