हे वर्नाला विचारा

हॅलो?… हां, आर्लिस, मीच. संग्रहालयातूनच बोलतेय, जहाजांच्या दालनातून… नाही गं, काढलं नाही. राहिली नोकरी!… अगं, रडतेस काय? मी रडले नाही अन् तू कशाला?… बरं, थोडीशी रडले. कोट टांगायच्या खोलीत.

हो, हो… अगं ऐक ना! आमच्या संचालिका लुंडक्विस्टबाईंनी दहाला बोलावलं. म्हटलं, झालं, बावीस वर्षांची सेवा, एक केक आणि टाटा… नाही, केक नव्हता. कागद होते. पिपचे… पिप गं, आमचा रोबो! कमरेएवढा, गोल डोळ्यांचा… तोच, ज्याला मी चालती कचरापेटी म्हणायचे.

त्याला कोणी काय विचारलं, तो काय बोलला, सगळ्याची नोंद होते. तीन महिन्यांत चारशे बारा वेळा तो म्हणाला, “हे वर्नाला विचारा.”… प्रेम कुठलं! माझंच पाप. जानेवारीत त्याला शिकवायचे तक्ते आम्हालाच भरायला दिले होते ना? मी संतापलेले. माझ्याच जागेवर येणाऱ्याला मीच शिकवू? बुडालेल्या जहाजांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच ओळ लिहिली… हो. तीच.

सांगितलं ना! खरं ते सांगून टाकलं. आईनं वाढवलंय आपल्याला, लपवते कुठे… म्हणाल्या, “तक्ता मी तेव्हाच वाचला होता, वर्ना. पण संग्रहालयाच्या मंडळाला माणसं दिसत नाहीत, आकडे दिसतात. आकडा पिपनं दिला.”… मी म्हटलं, आता तरी नीट भरून देते. तर म्हणाल्या, “खबरदार!”

नाही, आता नाही चिडत. दिवसभर ‘बाथरूम कुठे’ सांगतो बिचारा, एकदाही तोंड वाकडं न करता. माझे गुडघे त्याला दुवा देतात… शुक्रवारी आम्ही सगळे घरून एकेक पदार्थ आणून जेवतो ना, त्या यादीत नाव घातलंय त्याचं. बटाट्याची भाजलेली हॉटडिश मी आणणार, त्याच्या नावानं… खात नाही, माहीत आहे! आमचा पहारेकरी ओलाफ नुसता खातो, आणत काही नाही. त्याचं नाव असतंच की.

थांब हं… शाळेची पोरं आली. पिपला घेरलंय… एक मुलगी विचारतेय, जहाज बुडताना घंटा कोणी वाजवली… श्श! फोन त्याच्याकडे धरते, ऐक…

ऐकलंस?… हो ना!

आले रे बाबा, आले! ठेवते गं.