राखणीचं अंडं

शाळेला जाताना बसमध्ये मी कानात गाणी घालत नाही, कारण आमच्या सर्बियातल्या निश शहरातल्या म्हाताऱ्या फुकटात त्याहून सरस ऐकवतात. आज पुढच्या सीटवर देसांकाबाई मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं घेऊन बसल्या होत्या आणि शेजारी त्यांची मैत्रीण रुझित्सा.

"सकाळी सकाळी पातेलं कुठे निघालं गं, देसांका?"

"माझ्या नेबोय्शाकडे. सूनबाई माहेराहून येतेय. त्याला म्हणाली, नाश्त्याला स्वतःच्या हातानं साधी अंड्याची भुर्जी करून वाढलीस तरच राहीन. मोठी राणीसाहेब."

"आणि भुर्जी तू नेतेयस."

"गरम आहे अजून. त्याच्या तव्यात ओतली की झालं."

"चाळिशीच्या घोड्याला अंडं फोडता येत नाही?"

"काल फोडलं की त्यानं. फ्रिजमधली संपली होती, म्हणून देवाच्या तसबिरीपुढचं लाल घेतलं."

"ईस्टरचं? वर्षभर घर राखायला ठेवतात ते?"

"पुरुषाच्या जातीला काय कळतंय. अंडं दिसलं, घेतलं."

"अगं, पण ते उकडलेलं असतं."

"तव्यात टणकन वाजलं म्हणे. घाबरलं माझं लेकरू. सूनबाईनं फ्रिज भरून जायला नको होतं का?"

"नवऱ्याला सोडून जाताना? हो बाई, चुकलंच तिचं. मग आता त्या घराची राखण कोण करणार?"

देसांकाबाईंनी पातेल्यावरचा टॉवेल आणखी घट्ट आवळला.

"मी आहे ना."