रुसणाऱ्यांना घोडा

फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरात, औषधाच्या दुकानात नंबर लागायची वाट बघत माझ्या शेजारी दोघी मैत्रिणी बसल्या होत्या, रायली आणि तूलिक्की. दोघींच्या मोबाइलवर एकच शेतीचा खेळ.

"रायली, हा सोनेरी घोडा कुठून आणलास?"

"फुकट मिळाला."

"फुकट? ते लोक फुकट काही देत नाहीत गं. मी खेळातली आठ युरोची बंद पेटी विकत घेतली, तर आत निघाली काय, बादली! कंपनीत कुणी ओळखीचं आहे का तुझ्या?"

"छे! मी वैतागून खेळच काढून टाकला होता. तिसऱ्या दिवशी त्यांचा मेल आला, परत या, घोडा देतो."

"म्हणजे रुसणाऱ्यांना घोडा, आणि सहा वर्षं रोज पहाटे उठून गाईंचं दूध काढणाऱ्यांना बादली?"

"त्यांना बरोबर कळतं, कोण जाणार आणि कोण नाही."

"माझ्याबद्दल काय कळलंय त्यांना?"

"तूही काढून टाक ना. तीन दिवस वाट बघ."

तूलिक्कीचं बोट मोबाइलवर थांबलं. समोर तिचा नंबर लागला, तरी ती उठली नाही.

"आणि नाहीच बोलावलं तर?"