जोडी हाय का?

काय विचारलंस गं गौतमी? मोठ्यानं बोल, या ओवरीत म्हाताऱ्याला ऐकू येत न्हाई. नदीकडचा रस्ता एवढा सपाट असताना मॅडम तुम्हाला गढीच्या चढानंच का पळवतात, असंच ना? बरोबर हाय तुझं. सपाट हाय. घाट हाय, झाडी हाय, वीरगळ हायत, जुना दगडी पूल हाय. गाडी न्हाई, कुत्रं न्हाई. भरतीच्या पोरींना पळायला याच्याहून चांगला रस्ता मिळायचा न्हाई. तरी या महादेवाचा गुरव म्हणून मी सांगतो, अंधार पडल्यावर तिकडं पाऊल टाकायचं न्हाई. का, ते ऐका. पाणी प्यायचं असंल तर आत्ताच पिऊन घ्या, मधी कुणी उठायचं न्हाई.

वीस-बावीस वर्षं झाली. आपल्या सोनघाटात इंदी म्हणून एक पोरगी होती. बाप नव्हता. आई आन् ती, दोघीच. दिवसभर पेठेत कापडाच्या दुकानात तागे उलगडायची. आठला दुकान बंद झालं की बूट घालायची आन् पळायला जायची. पोलीसभरतीचं वेड. दोनदा मैदान देऊन आली, दोनदा हात हलवत परत आली. आता ही तिसरी खेप, आन् शेवटची, कारण पुढच्या साली वय निघून जाणार होतं. आठशे मीटर दोन पन्नासच्या आत मारायचे होते. इंदीचं घड्याळ तीन मिनिटं चार सेकंदांच्या खाली काही केल्या येईना. चौदा सेकंद जास्त. आन् मैदान चार दिवसांवर आलेलं. जेवण जायचं न्हाई बिचारीला.

तवा पळणाऱ्यांची एक रीत होती. अंधारात मागनं पावलं वाजली की पुढच्यानं विचारायचं, "जोडी हाय का?" मागचा म्हणायचा, "हाय." मग दोघांनी बरोबर पळायचं, एकमेकाला ओढत न्यायचं. एकट्याच्यानं होत न्हाई ते जोडीनं होतं, तुम्हाला काय सांगायचं. इंदीची जोडी म्हंजे शेजारची अलका. तिला त्याच आठवड्यात हळद लागली आन् इंदी एकटी पडली.

अवसेचा आदला दिवस. इंदी निघाली. आई चुलीपुढनंच म्हणली, "चौकीच्या दगडापाशी पावलं, विसरू नको." रोज म्हणायची. इंदी रोज "हो गं" करायची. तिला वाटायचं, तिथं शेवाळ हाय, पाय जपून टाक म्हणतीय आई. पावलं म्हंजे पाय, दुसरं काय? एवढं ध्यानात ठेवा. पुढं लागणार हाय.

घाट उतरून डावीकडं वळलं की जुनी डाकचौकी लागती. आता नुसता उंबऱ्याचा दगड उरलाय. तिथनं पुलापर्यंत इंदीनं आन् अलकानं दोरीनं मोजून आठशे मीटर काढले होते, दोन्हीकडं चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. मधी रस्त्याकडंला पाच वीरगळ. पाच, बरं का.

इंदी दगडावरनं उडी मारून गेली. काही म्हणली न्हाई. रेघेवर उभी राहिली, घड्याळ दाबलं, सुटली.

पहिला वीरगळ गेला. दुसरा गेला. आन् मागनं आवाज आला. छुन्, छुन्, छुन्. काठीला घुंगरू बांधून कुणी चालावं तसा. संगं पावलांचा आवाज. अनवाणी पावलं. इंदीला बरंच वाटलं. असंल कुणी पळणारा, पायात पैंजण घालून पळणारी बी असती एखादी. तिनं मागं न बघता रीतीप्रमाणं विचारलं, "जोडी हाय का?"

मग जवळ, अगदी कानापाशी, बापई आवाज. "हाय."

आन् मग ती पळाली बघा. तसं ती जन्मात पळाली नव्हती. दम लागंना, पोटात कळ येईना. पुलावर पाय टेकला, घड्याळाचा दिवा लावला. दोन मिनिटं अठ्ठावन्न. इंदीचे डोळे भरून आले. तिनं बाजूला बघितलं, तर तो काळोखात जरा मागंच उभा. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, हातात काठी, खांद्याला कसली तरी थैली. तोंड दिसंना.

"अजून एकदा?" तो म्हणला.

आता शहाण्या माणसानं घरी जावं. पण सहा सेकंद कमी झाले होते पोरींनो, आन् आठ उरले होते. तुम्ही गेला असता का घरी? खरं सांगा. मला म्हाताऱ्याला बनवू नका. ती परत फिरली.

छुन्, छुन्, छुन्. परत चौकीची रेघ. घड्याळ म्हणलं, दोन एकोणपन्नास. झालं की. वर्दी मिळाली. इंदी थांबायला गेली तर पाय थांबेनात. आपोआप वळले आन् पुन्हा पुलाकडं निघाले. तो शेजारी. त्यानं विचारलं, "चौकी आली का?"

"मागं राहिली की," इंदी म्हणली, आन् तवा तिच्या ध्यानात आलं की एवढं पळून त्याचा श्वास ऐकू येत न्हाई. तिच्या श्वासाचा भाता झालेला, त्याचा आवाजच न्हाई.

ती वीरगळ मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार, पाच. आता पूल. पूल आला न्हाई. सहावा वीरगळ आला. सातवा. आठवा. नवव्यावर तिनं डोळे मिटून घेतले. "चौकी आली का?" त्यानं परत विचारलं. आवाजात राग नव्हता. नुसता थकवा होता, आन् त्याचंच तिला जास्त भ्या वाटलं.

मग रस्ता नदीकडं वाकला. तो वाकला न्हाई. सरळ गेला, पाण्यावरनं, आन् त्याची पावलं पाण्यावर बी मातीवर वाजावीत तशीच वाजत राहिली. इंदीचे पाय त्याच्या मागं. गार पाणी घोट्याला लागलं. गुडघ्याला लागलं. कमरेला लागलं. तिनं आईला हाक मारायला तोंड उघडलं, आवाजच फुटंना.

तो वळला. थैली खांद्यावरनं काढली आन् तिच्यापुढं धरली. "घे. आता तुझी पाळी. जोडीनं पळायचं असतं. माझा जोडीदार ह्या उतारावर, नदी ओलांडताना, पुरात गेला. मी पोचलो, तर चौकीवर कुणीच न्हाई. पटकीच्या साथीनं समदे पळालेले. थैली पोचली तरी कुणी पावलं म्हणंना. पावलं म्हणल्याबिगर जासुदाला बसता येत न्हाई, बाई."

जासूद म्हंजे कळलं का? त्या काळचा पत्र नेणारा. एकटा कधी धाडत नव्हते, जोडी असायची. एकाला वाटेत पान लागलं, साप चावला, तर दुसऱ्यानं पत्र न्यावं म्हणून. चौकीवर पत्र दिलं की घेणाऱ्यानं म्हणायचं, पावलं. पावलं म्हंजे पोचलं, मिळालं. मग जासूद सुटायचा.

पाणी छातीला आलं आन् इंदीच्या डोक्यात उजेड पडला. चौकीच्या दगडापाशी पावलं, विसरू नको. आई पाय जपायला सांगत नव्हती. आई म्हणायला सांगत होती. रोज. आन् ही रोज हो गं करत होती.

तिनं दोन्ही हातांनी थैली घेतली. बर्फागत गार. कपाळाला लावली. सगळा दम गोळा करून म्हणली, "पावलं."

घुंगरं थांबली. पाय सुटले. तो मटकन खाली बसला, पाण्यावरच, दमलेला माणूस बांधावर बसतो तसा. किती वर्षांनी बसला असंल बिचारा. इंदी काठाकडं वळली. दोन ढांगा टाकल्या असतील, तर मागनं तो हळूच म्हणला, "माझं पावलं. पण जोडीदाराचं? जोडी पुरी झाल्याबिगर सुटका न्हाई. येशील ना?"

चिखल तुडवत, घाटाच्या पायऱ्या हातांनी चढत ती ह्याच ओवरीत येऊन पडली. दिवा लावायला मी बाहेर आलो तर ही. हातात थैली न्हाई, नदीचा एक चपटा गोटा. काढून घ्यायला बोटं एक-एक करून सोडवावी लागली मला. तो गोटा अजून गाभाऱ्याच्या कोनाड्यात हाय.

थांबा. संपली न्हाई.

चार दिवसांनी मैदान. दुपारची टळटळीत उन्हं, हजार माणूस. इंदी पळाली. पहिली फेरी चांगली गेली. दुसऱ्या फेरीला शेवटचे दोनशे मीटर राहिले आन् पाय जड झाले. घड्याळ निसटाय लागलं. आन् तवा, त्या गर्दीत, मागनं आवाज आला. छुन्, छुन्, छुन्. या खेपेला त्यानंच विचारलं, कानापाशी.

"जोडी हाय का?"

एक शब्द बोलायचा होता. हाय. बोलली असती तर समद्यांच्या पुढं जाऊन रेघ ओलांडली असती. वर्दी तिची होती. आन् मग पाय थांबले नसते. इंदीनं दात खालच्या ओठात रोवले. रक्त आलं. बोलली न्हाई. स्वतःच्या पायांनी जेवढं झालं तेवढं पळाली.

दोन एक्कावन्न. एका सेकंदानं गेली तिची वर्दी. लई रडली. मी बघितलंय.

पुढं लग्न झालं, आडनाव बदललं. तुमच्या घोरपडे मॅडमच्या खालच्या ओठावर ती बारीक खूण हाय ना? सायकलवरनं पडल्याची न्हाई ती. अकरा वर्षांत त्यांनी तीस पोरींना वर्दी मिळवून दिली, आन् एकीला बी अंधारात नदीकडं जाऊ दिलं न्हाई. जोडी हा शब्द मैदानावर काढला की शिट्टी का मारतात, ते आता कळलं असंल.

तवा तिकडं जायचं न्हाई. चुकून गेलाच तर दगडापाशी थांबायचं, पावलं म्हणायचं, आन् घरी यायचं. आन् मागनं कुणी काही विचारलं तर, तुम्हाला कितीबी सेकंद कमी पडत असले तरी, तोंड उघडायचं न्हाई.

निजा आता. उद्या पहाटे गढीचा चढ हाय.